अठरा माणसं, सहा खोल्या



आपल्या या पत्रकात लागणीचं अंतर, खताची मात्रा, हुमणीचा बंदोबस्त, खोडव्यातली पाचट असे विषय नेहमी येतात, आणि ते यावेतच. या खेपेस मात्र एक घरगुती विषय मांडण्याची परवानगी संपादकांकडून घेतली आहे. विषय साधा आहे. घरातली सगळी माणसं घेऊन दोन दिवस बाहेरगावी जायचं, तर राहण्याच्या खोल्या कशा ठरवायच्या? वाचून कुणी म्हणेल, यात लिहिण्यासारखं काय आहे? मीही तसंच म्हणत होतो. पण एकदा ठेच लागली, म्हणून लिहितो.

ऊसवाल्याला सुट्टी नसते हे आपण सगळे जाणतो. दिवाळीत पोरांना सुट्टी असते, तेव्हा आपण तोडीच्या टोळीची वाट बघत बांधावर उभे. नाताळात ऊस फडात, नाहीतर गाडीत. राहता राहिला मे महिना. तोड संपलेली असते, बिलं जमा झालेली असतात आणि पोरांच्या परीक्षा उरकलेल्या असतात. पाण्याच्या पाळीला कुणीतरी एक गडी उभा केला, तर तीन दिवस मोकळे काढता येतात. पण नेमका तोच मे महिना सगळ्या महाराष्ट्राचा कोकणात जायचा महिना. त्यामुळे आयत्या वेळी निघणाऱ्याला मिळेल ती खोली पदरात घ्यावी लागते.

आमचंही तसंच झालं. तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच ठरवल्या-ठरवल्या निघालो. कुठं गेलो आणि कुठल्या लॉजवर उतरलो ते सांगण्यात अर्थ नाही, कारण चूक त्यांच्यापेक्षा आमचीच जास्त होती. रात्री नऊला पोचलो. मिळाला एक मोठा हॉल आणि तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट नव्हती. आण्णांना (माझे वडील) मान म्हणून खोली दिली, ती तिसऱ्या मजल्यावर. रात्री दोनला ते पाणी घ्यायला खाली उतरले आणि जिन्यात पाय घसरला. देवाच्या दयेनं हाड वाचलं, पण महिनाभर काठी हातात आली ती आजतागायत आहे.

ही झाली सगळ्यांना दिसलेली गोष्ट. दुसरी गोष्ट मला पुढं तीन वर्षं कळलीच नव्हती.

यंदा फेब्रुवारीत आण्णांनी विषय काढला. आम्ही तिघं भाऊ. चार वर्षांमागं वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. भांडण नाही, पण एका ताटात जेवणं कमी झालं. थोरल्या दादांची मुलगी बारावीला. ती जूननंतर शिकायला बाहेर जाणार. आण्णा म्हणाले, “पोरगी भाईर गेली की परत सगळी एका जागी कवा यायची? माझं वय अठ्ठ्याहत्तर. एकदा सगळ्यास्नी घिऊन गणपतीपुळ्याला जाऊन येऊ.”

माणसं मोजली. आण्णा आणि आई. दादा-वहिनी, त्यांची मुलगी सतरा वर्षांची, मुलगा चौदाचा. मी आणि सौ., आमची मुलगी पंधराची, मुलगा तेराचा. धाकटा भाऊ, त्याची मंडळी, त्यांची दोन लहानगी, नऊ आणि सहा वर्षांची. बहीण आणि दाजी, त्यांचा मुलगा सोळाचा, मुलगी तेराची. एकूण अठरा. त्यात दहा मोठी, दोन लहान, आणि सहा जण ना धड मोठी ना धड लहान. तीन मुली, तीन मुलगे.

या सहा जणांनीच सगळा हिशोब बदलला.

धाकट्यानं चौकशी केली. एक मोठा हॉल मिळत होता, माणशी तीनशे रुपये. म्हणजे रात्रीचे 5,400, दोन रात्रींचे 10,800. तो म्हणाला, “रात्रीपुरती तर पाठ टेकायची. लग्नात झोपतो की आपण हॉलमधी.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मीही मान हलवली.

त्या रात्री माझी मुलगी तिच्या आईला म्हणाली, “मी येत नाही. मी घरी थांबते, म्हशीकडं बघते.”

मला राग आला. आजोबा एवढ्या हौसेनं न्यायला निघालेत आणि पोरगी म्हशीचं निमित्त सांगते. मी रागावणार, तेवढ्यात सौ.नं मला बाजूला घेतलं. मागच्या खेपेस त्या हॉलला आतून कडी नव्हती. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. तिचे अडचणीचे दिवस नेमके त्याच रात्री सुरू झाले. पंधरा माणसांत कपडे बदलायला जागा नाही, संडास बाहेर पॅसेजमध्ये, आणि पॅसेजमध्ये परकी पोरं पत्ते खेळत बसलेली. पोरीनं कुणाला सांगितलं नाही. भिंतीला टेकून रात्रभर जागी बसली. सकाळी मी तिला म्हणालो होतो, “तोंड का पाडून बसलीस? फिरायला आलोय ना?”

ते वाक्य मला आठवलं आणि खाली बघावं लागलं. आपण उसाच्या डोळ्याला धक्का लागू नये म्हणून बेणं जपून हाताळतो. पोरीच्या मनाचं एवढं ध्यान आपल्याला राहिलं नाही.

मग मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. पुढचा हिशोब प्रत्येक घराला उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून तपशिलानं देतो.

पहिली गोष्ट वयाची. एसटीत हाफ तिकिटाचं वय जसं बाराला संपतं, तसंच बहुतेक हॉटेलांतही बाराच्या पुढचं मूल पूर्ण माणूस धरतात. पाचाच्या आतलं आई-बापाजवळ फुकट, पाच ते बारा कमी दर, पुढं पूर्ण, असा साधारण रिवाज आहे. जागोजागी थोडा फरक पडतो. तेव्हा फोनवर “मुलं आहेत” असं मोघम बोलू नये. प्रत्येकाचं वय सांगावं. नाहीतर दारात उभं राहून वाद होतो आणि तिथं आपलंच तोंड कमी पडतं.

दुसरी गोष्ट वाटणीची. एका हॉटेलात दोघांची खोली 2,400 रुपयांना आणि जादा गादी 450 रुपयांना मिळत होती, कर वेगळा. सरळ मार्ग म्हणजे घरटी एक खोली. चार घरांच्या चार आणि आण्णा-आईंची एक, अशा पाच. धाकट्याच्या खोलीत एक जादा गादी, कारण सहा वर्षांचं आईजवळ झोपणार. बाकी तीन घरांना दोन-दोन गाद्या. बेरीज होते एका रात्रीची 15,150, दोन रात्रींची 30,300.

पण त्यात दोन खोडी होत्या. एक म्हणजे सतरा वर्षांची मुलगी आणि चौदाचा भाऊ एका खोलीत आई-बापासह. घरी आपण असं झोपवत नाही, मग परगावीच का? आणि दुसरी खोडी वहिनींनी दाखवली. त्या म्हणाल्या, “घरटी खोल्या केल्या म्हणजे इथं चुली वेगळ्या, तिथं दारं वेगळी. मग एकत्र जायचं कशाला?”

त्यावर आईनंच तोड काढली. म्हणाली, “पोरी पोरींत, पोरं पोरांत, बायका बायकांत, बापे बाप्यांत. बारक्यांची आई-बापाजवळ. आणि आम्ही दोघं खाली.” म्हणजे तीन मुलींची एक खोली, तीन मुलांची एक, वहिनी, सौ. आणि बहिणीची एक, दादा, दाजी आणि माझी एक, धाकट्याच्या चौघांची एक आणि आण्णा-आईंची एक. एकूण सहा. आण्णांची खोली सोडून पाचही खोल्यांत एक-एक जादा गादी. बेरीज एका रात्रीची 16,650, दोन रात्रींची 33,300.

पाच खोल्यांपेक्षा तीन हजार जास्त. आम्ही तिघं भाऊ, म्हणजे घरटी हजार रुपये. माहेरवाशिणीकडून खोलीचे पैसे घ्यायचे नाहीत हे आधीच ठरलेलं होतं. दाजींनी त्याबदली गाड्यांच्या तेलाचा खर्च अंगावर घेतला. हॉलच्या मानानं मात्र 22,500 जास्त होते. धाकट्याला ते जड वाटलं आणि त्याचं वाटणं रास्त होतं. त्याची पोरं लहान, त्याला हॉल चालला असता. दादा त्याला म्हणाले, “तुझी पोरगी आज सहाची हाय. सहा वर्सांनी तीबी बाराची हुईल. तवा आम्ही असंच तुझ्या बाजूनं बोलू.” तो हसला आणि तयार झाला.

वैयक्तिक मत सांगायचं तर, हॉल वाईट नव्हे. भजनी मंडळ असो, मित्रांची सहल असो, हॉलसारखी मजा नाही. पण घरात दहा-बाराच्या पुढच्या मुली असतील, तर कडी असलेलं दार आणि खोलीतच मोरी-संडास या दोन गोष्टींवर काटकसर करू नये. काटकसर जेवणात करावी, हॉटेलच्या चहात करावी.

तिसरी गोष्ट बुकिंगची. आम्ही मेच्या जागा मार्चमध्येच धरल्या. गणपतीपुळ्यात राहण्याचे चार प्रकार आहेत. देवस्थानचं भक्तनिवास, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं पर्यटक निवास, खासगी हॉटेलं, आणि गावातल्या लोकांनी केलेली घरगुती सोय. हे महामंडळ 1975 साली स्थापन झालं. त्याच्या जागा संकेतस्थळावरून धरता येतात, पण सुट्टीत त्या लवकर भरतात. घरगुती सोयीत जेवण उत्तम मिळतं, मात्र सहा खोल्या एका ठिकाणी मिळणं कठीण. म्हणून आम्ही हॉटेल धरलं.

इथं एक धोक्याची सूचना. देवस्थानांच्या भक्तनिवासांच्या आणि हॉटेलांच्या नावानं खोटी संकेतस्थळं काढून पैसे उकळण्याचे प्रकार होतात. मोबाईलवर पहिला दिसला तो नंबर खरा समजू नये. जाऊन आलेल्या माणसाकडून नंबर घ्यावा, फोनवर बोलावं, पावती मागावी आणि मगच ॲडव्हान्स पाठवावा. फसगत झालीच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

करासंबंधी खुलासा असा की, 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाड्याच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. त्याआधी तो 12 टक्के होता. 7,500 च्या वर 18 टक्के. तेव्हा दर ठरवताना “कर धरून की सोडून” हे विचारावं आणि बिल नीट वाचावं.

फोनवर मॅनेजरला आणखी काय विचारावं, त्याची यादी मी वहीत केली होती. ती अशी:

1. खोल्या एका ओळीत मिळतील का? निदान मुलींची खोली बायकांच्या खोलीला लागून हवी.

2. तळमजल्यावर खोली आहे का? संडास कमोडचा आहे का? म्हाताऱ्या माणसाला गुडघ्यामुळं खाली बसवत नाही.

3. दारांना आतून कडी आहे का? ती चालते का?

4. खोली किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता सोडायची? बऱ्याच ठिकाणी दुपारी बाराला मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. चोवीस तासांचा हिशोब सगळीकडे नसतो.

5. पाण्याची सोय काय? कोकणात पाऊस उदंड, पण मेमध्ये पाण्याची ओढ असते. वीज गेली तर जनरेटर आहे का?

6. ड्रायव्हरची झोपायची सोय आहे का? घाट उतरवणारा माणूस रात्रभर डास मारत गाडीत बसला, तर परतीच्या घाटात आपला जीव त्याच्या डुलकीवर असतो.

7. बेत रद्द झाला तर ॲडव्हान्स किती परत मिळणार?

8. ओळखपत्रं कुणाकुणाची लागतील? आम्ही मुलांच्या आधारकार्डांच्या प्रतीही बरोबर घेतल्या.

या सगळ्याला मॅनेजरनं होकार दिला, पण एका ओळीत सहा खोल्या नव्हत्या. तीन खाली, तीन वर. मी विचार करून वाटणी केली. खाली आण्णा-आई, शेजारी मुलगे, त्यापुढं धाकट्याचं बिऱ्हाड, म्हणजे लहानगी गॅलरीपासून लांब. वर मुली, मग बायका, मग आम्ही पुरुष. मुलगे आमच्यापासून लांब पडले ही रुखरुख मनात राहिली.

निघायच्या आधी दादांनी सहाही पोरांना सोप्यात बसवलं आणि बजावलं. तुम्हाला स्वतंत्र खोल्या दिल्यात, कारण तुम्ही आता जाणती आहात. खोलीची एक चावी तुमच्याकडं, दुसरी आमच्याकडं. रात्री दहानंतर बाहेर नाही. मोबाईल चालेल, पण दार वाजलं की पहिल्या हाकेला उघडायचं. आणि मोठं माणूस बरोबर असल्याशिवाय समुद्राकडं पाऊल टाकायचं नाही. गणपतीपुळ्याचा किनारा बघायला देखणा, पण पाण्याला ओढ फार. पोहणाऱ्यालाही आत खेचतं. विहिरीत सूर मारणाऱ्या आपल्या पोरांना तर जास्तच धोका, कारण आपल्याला पोहता येतं हा गर्व त्यांना नडतो. विहिरीचं पाणी एका जागी असतं, समुद्राचं नसतं.

एक सतरा आसनांची गाडी आणि दाजींची मोटार, असे निघालो. कोल्हापूर सोडल्यावर मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा, निवळी फाटा, जाकादेवी असा रस्ता. घाटात दोघांना उलट्या झाल्या, लिंबू कामाला आलं. दुपारी पोचलो. संध्याकाळी दर्शन झालं. आई त्या पश्चिमेच्या देवासमोर बराच वेळ हात जोडून उभी होती. रात्री बायकांच्या खोलीतून हसण्याचा आवाज एक वाजेपर्यंत येत होता. लग्न होऊन आल्यापासून तिघी अशा निवांत कधी बसल्याच नव्हत्या, असं सौ. नंतर म्हणाली. पुरुषांच्या खोलीत दाजींचं घोरणं होतं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या सुमाराला मला जाग आली. खाली उतरून मुलांच्या खोलीचं दार ढकललं, तर उघडं. तिन्ही गाद्या मोकळ्या.

माझ्या पोटात धस्स झालं. चपला न घालता मी धावत सुटलो. अंधार पुरता फिटला नव्हता, समुद्राचा आवाज तेवढा येत होता. किनाऱ्यावर मला ना पोरं दिसत होती, ना माणूस. मी नावं घेऊन हाका मारू लागलो. काय काय मनात आलं ते लिहवत नाही.

तेवढ्यात डोंगराच्या कडेनं, प्रदक्षिणेच्या वाटेवरून काठीचा टक-टक आवाज आला. पुढं आण्णा, त्यांना दोन्ही बाजूंनी धरून दोन नातू, मागं तिसरा त्यांच्या चपला हातात घेऊन.

झालं होतं असं. पोरं दबकत समुद्राकडंच निघाली होती, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पण आण्णांना पहाटे साडेचारला जाग यायची सवय, आयुष्यभर पाण्याच्या पाळीला उठलेला माणूस. शेजारच्या खोलीची कडी वाजली तशी त्यांनी दार उघडलं. ते रागावले नाहीत, ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “बरं झालं उठलासा. मला डोंगराला फेरी घालायची हाय, एकट्याच्यानं हुईना. चला.” पोरांना नाही म्हणता आलं नाही.

मी पोरांना बोलायला तोंड उघडलं, तर आण्णांनी डोळ्यानं गप्प केलं. त्या दिवशी दुपारी त्यांनीच सगळ्यांना किनाऱ्यावर नेलं, स्वतः काठी रोवून बसले आणि “गुडघ्याच्या वर पाणी न्हाई” एवढा एकच कायदा केला. तो कुणी मोडला नाही.

मग माझ्या ध्यानात आलं. मुलगे आमच्याजवळ असते तर दाजींच्या घोरण्यात आम्हाला कडीचा आवाज कळलाही नसता. खोल्या किती यापेक्षा कुणाच्या शेजारी कोण, हे महत्त्वाचं.

परतताना मालगुंडला केशवसुतांचं स्मारक पाहिलं. दादांच्या मुलीनं तिथं बराच वेळ काढला. रस्त्याकडेला आंब्याच्या दोन पेट्या घेतल्या आणि अंधार पडायच्या आत घाट चढून आलो.

घरी आल्यावर सौ.नं बॅगा उपसल्या. माझी मुलगी ओसरीवर बसून चुलत-आत्ते बहिणींबरोबरचे फोटो आजीला दाखवत होती. मी सहज विचारलं, “पुढच्या साली म्हशीकडं कोण बघणार?”

“गडी लावा,” ती म्हणाली, मान वर न करता.

बंधूंनो, आपण एकरी टनेज काढतो, उताऱ्याचा दशांश मोजतो. घरच्या माणसांचाही असा एखाद्या वर्षी हिशोब बघावा. पुढच्या मेला जायचं असेल तर मार्चमध्येच वही उघडा. वयं लिहा, खोल्या लिहा, आणि घरातल्या मुलींना आधी विचारा. त्या आपणहून सांगत नाहीत.

— एक सभासद